परदेशातील नोकरी : नियम कोणता, रीत कोणती आणि अन्याय कोणता?

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे परदेशी स्थायिक झालेल्या किंवा तिकडे निघालेल्या वाचकांची आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : आम्हांला डावलले जाते. ती पुष्कळदा खरी असते. मात्र नोकरी किंवा बढती न मिळण्यामागे कधी लेखी नियम असतो, कधी त्या देशातली रीत असते आणि कधी उघड भेदभाव असतो. नियमाची पूर्तता करावी लागते, रीत शिकून घ्यावी लागते आणि भेदभावाविरुद्ध तक्रार करावी लागते. या तिन्हींची सरमिसळ झाली की जिथे केवळ एका परवान्याची गरज आहे तिथे माणूस वर्षभर रागावून बसतो, आणि जिथे दाद मागायला हवी तिथे स्वतःलाच दोष देत राहतो. पत्रे संक्षिप्त करून आणि लिहिणाऱ्यांची ओळख वगळून दिली आहेत.

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता आहे. सांगली जिल्ह्यात बारा वर्षे पूल, आर.सी.सी. इमारती आणि पाणीपुरवठ्याच्या टाक्यांच्या कामांवर होतो. त्यांतली शेवटची पाच वर्षे एका ठेकेदार कंपनीत प्रकल्पप्रमुख म्हणून काढली. दीड वर्षापूर्वी कुटुंबासह कॅनडात आलो. माझ्या पदवीचे मूल्यांकन झाले असून ती इथल्या पदवीच्या बरोबरीची ठरली आहे. तरीही प्रत्येक ठिकाणी 'कॅनडातला अनुभव नाही' हेच उत्तर मिळते. सध्या एका गोदामात रात्रपाळी करतो. मूल्यांकन झाल्यावरही अभियंता म्हणून कोणी उभे करत नसेल, तर हा भेदभाव नव्हे काय?
– एक वाचक, ब्रॅम्प्टन

उत्तर : आपल्या पत्रात नियम, रीत आणि भेदभाव हे तिन्ही गुंतलेले आहेत, म्हणून ते एकेक करून सोडवू. आपण ज्या मूल्यांकनाचा उल्लेख केला आहे ते स्थलांतराच्या अर्जासाठी असते. पदवी किती वर्षांची आणि कोणत्या दर्जाची, एवढेच ते सांगते. अभियंता म्हणून व्यवसाय करण्याचा अधिकार ते देत नाही. कॅनडात हा अधिकार प्रत्येक प्रांताची नियामक संस्था देते आणि आपल्या प्रांतात ती 'प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारिओ' ही आहे. तिचा 'पी.एंग.' परवाना मिळेपर्यंत आपण तिथे स्वतःला अभियंता म्हणवून घेऊ शकत नाही, आणि हे बंधन तिथेच जन्मलेल्या पदवीधरालाही तितकेच लागू आहे. इथवरचा भाग नियमाचा झाला आणि त्यावर रागावण्यात अर्थ नाही.

या नियमातली जी अट स्थलांतरितांना खरोखर जाचक होती, ती आता उरलेली नाही. पूर्वी परवान्यासाठी लागणाऱ्या ४८ महिन्यांच्या अनुभवापैकी किमान १२ महिने कॅनडातील परवानाधारक अभियंत्याच्या हाताखाली काढावे लागत. नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही, अशा पेचात हजारो माणसे अडकून पडली होती. मे २०२३ मध्ये ही अट काढून टाकण्यात आली. आता ४८ महिन्यांचा अनुभव जगात कुठलाही चालतो. तो सात गटांत विभागलेल्या ३४ क्षमतांच्या कसोटीवर तपासला जातो. प्रत्येक क्षमतेसाठी स्वतःच्या कामातले एक उदाहरण लिहायचे आणि ते काम जवळून पाहिलेल्या व्यक्तीने त्याला दुजोरा द्यायचा, अशी ही पद्धत आहे. याखेरीज व्यावसायिक नीती आणि कायदा या विषयांची परीक्षा सर्वांनाच द्यावी लागते, आणि परदेशी पदवीधरांना काही तांत्रिक परीक्षाही द्याव्या लागू शकतात. म्हणजे सांगलीतली आपली बारा वर्षे हे आज आपले मुख्य भांडवल आहे. फक्त ते तिथल्या माणसाला तपासता येईल अशा रूपात मांडलेले नाही.

आपण सोबत जोडलेला अर्ज मी वाचला. त्यात 'कामावर देखरेख केली', 'बिले तपासली', 'वरिष्ठांना साहाय्य केले' अशी वाक्ये ओळीने आहेत. आपल्याकडच्या अनुभवपत्रांची भाषाच अशी असते आणि ती वाचून कार्यकारी अभियंत्याला सगळे उमगते, कारण साइटवर कनिष्ठ अभियंत्याच्या अंगावर काय काय पडते हे त्याने स्वतः भोगलेले असते. टोरंटोतल्या परीक्षकाला मात्र त्या वाक्यांतून काहीही कळत नाही. त्याला हवे असते ते असे : टाकीचा पाया काळ्या मातीत घ्यायचा होता, माती परीक्षणात ती पाण्याने फार फुगणारी निघाली, मूळ आराखड्यातला उथळ पाया मी नाकारला, अंडर-रीम्ड पाइलचा (तळाशी रुंद केलेल्या खोल खांबांचा) पर्याय मांडला, त्याची आकडेमोड केली, खर्चातला फरक दाखवला आणि सल्लागाराची मंजुरी मिळवली, पुढच्या पावसाळ्यांत टाकीला तडा गेला नाही. यात 'मी' हा शब्द सतत येतो आणि आपल्याला तो खटकतो. पण परवाना एका व्यक्तीला मिळतो, संपूर्ण खात्याला नव्हे, त्यामुळे इथे संकोच सोडावाच लागेल.

याच उदाहरणाचा मुलाखतीतही उपयोग करून घ्यावा. दक्षिण ओंटारिओत जमीन गोठते, मातीतल्या पाण्याचे बर्फ होऊन ती वर उचलली जाते आणि म्हणून पाया साधारण १.२ मीटर खाली न्यावा लागतो. सांगलीची काळी माती पाणी पिऊन फुगते, ब्रॅम्प्टनची माती गारठून फुगते. कारणे निराळी, पण पायाखालून वर ढकलणारी जमीन दोन्हीकडे आहे. ज्याने पहिली हाताळली त्याला दुसरी समजावून घेणे अवघड नाही, हे आपण होऊन सांगितल्याशिवाय समोरच्याला सुचणार नाही. त्यासाठी आय.एस. ४५६ या भारतीय काँक्रीट संहितेबरोबर कॅनडाची काँक्रीटसंबंधीची सी.एस.ए. ए२३.३ ही संहिता आणि ओंटारिओचा इमारतविषयक नियम वाचून ठेवावा. त्यांतले फरक सांगता आले, तर तिथल्या अनुभवाविषयीची शंका निम्मी तरी कमी होते.

दुजोरा देणाऱ्यांची जुळवाजुळव आजच सुरू करावी. ठेकेदार कंपन्या बंद पडतात, साहेब निवृत्त होतात, दूरध्वनी बदलतात. ज्यांच्या सहीने मोजमाप पुस्तिका आणि रनिंग बिले पुढे गेली ते शाखा अभियंते, सल्लागार आणि ठेकेदाराचे संचालक यांना गाठून कामाचे नाव, कालावधी, आपली जबाबदारी आणि त्यांचा सध्याचा ईमेल हे सर्व लिहून घ्यावे. इंग्रजी पत्राचा मसुदा आपणच करून पाठवावा. नुसते 'एक पत्र द्या' म्हटले तर पुन्हा 'यांची वर्तणूक चांगली होती' एवढेच येईल.

आता भेदभावाविषयी. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच असे धोरण जाहीर केले की, 'कॅनडातला अनुभव हवाच' अशी सरसकट अट सकृद्दर्शनी भेदभाव ठरते. १ जानेवारी २०२६ पासून तर २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला जाहीर केलेल्या नोकरीच्या जाहिरातीत ही अट घालताच येत नाही, आणि वेतन किती ते किती हेही नमूद करावे लागते. अशी अट छापलेली दिसली तर जाहिरातीची प्रत जपून ठेवावी. प्रांताच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. मात्र कायद्याने जाहिरातीतले वाक्य जाते, मालकाची धास्ती जात नाही. त्या धास्तीला उत्तर म्हणून पहिली नोकरी प्रकल्पप्रमुखाची न शोधता काँक्रीट चाचणी तंत्रज्ञ, साइट निरीक्षक किंवा खर्चाचे अंदाज करणारा अशी शोधावी. तिथे परवाना लागत नाही, पगार मध्यम असतो आणि वर्षभरात स्थानिक ओळखी होतात. बारा वर्षांनंतर पुन्हा काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचणीपाशी (क्यूब टेस्टपाशी) उभे राहणे जिवावर येईल हे खरे. परंतु गोदामातल्या रात्रपाळीपेक्षा ती जागा आपल्या व्यवसायाच्या कितीतरी जवळ आहे. गोदामातले काम घरभाड्यासाठी चालू ठेवायचे असल्यास निदान पाळी बदलून घ्यावी, कारण मुलाखती, कार्यालये आणि फोन सगळे दिवसाचे असतात.

प्रश्न : मी पुण्याहून लंडनला पतीच्या नोकरीनिमित्त आले आहे. हिशेबतपासणीचा आठ वर्षांचा अनुभव आहे. शंभराच्या वर अर्ज केले, तीन ठिकाणांहून बोलावणे आले. एका मैत्रिणीने नाव बदलून इंग्रजी वळणाचे काहीतरी लावण्याचा सल्ला दिला. शिवाय माझ्या पारपत्रावर एक नाव, पदवीवर दुसऱ्या क्रमाने दुसरे नाव, असा घोळ आहे. काय करावे?
– एक वाचिका, लंडन

उत्तर : मैत्रिणीचा सल्ला मला पटत नाही, पण तिचे निरीक्षण चुकीचे नाही. ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजमधील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सारख्याच पात्रतेचे सुमारे ३,२०० काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले होते. बहुसंख्याक ब्रिटिश नावाच्या २४ टक्के अर्जांना अनुकूल प्रतिसाद मिळाला, तर अल्पसंख्याक वंशाच्या नावांच्या १५ टक्के अर्जांना. म्हणजे तेवढ्याच बोलावण्यांसाठी साठ टक्के अधिक अर्ज करावे लागतात. तेव्हा आपल्या शंभर अर्जांमागे नावाचा वाटा शून्य आहे असे मी म्हणणार नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यानुसार वंशावरून उमेदवार नाकारणे बेकायदा आहे. पण न आलेल्या बोलावण्याचे कारण एकट्या उमेदवाराला सिद्ध करता येणे जवळजवळ अशक्य असते.

तरीही नाव बदलू नये असे मी सुचवते. हिशेबतपासणीच्या क्षेत्रात नेमणुकीपूर्वी पार्श्वभूमीची कसून तपासणी होते. एका नावाने अर्ज, दुसऱ्या नावाची पदवी आणि तिसऱ्या नावाचे पारपत्र असे झाले, तर जे दार उघडत आले होते तेही अडते. हाक मारायला सोपे असे स्वतःच्याच नावाचे लघुरूप वापरायला मात्र काहीच हरकत नाही. ते आपल्याकडे घरोघरी असतेच.

आपला खरा प्रश्न दुसरा आहे आणि तो अस्सल महाराष्ट्रीय आहे. आपल्या शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पारपत्रावर 'दिलेले नाव' या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र येते. लग्नानंतर त्यांतले दोन शब्द बदलतात. लंडनमधल्या वेतनपत्रक करणाऱ्याला पहिला शब्द तेच नाव वाटते आणि तो आपल्याला आडनावाने किंवा पतीच्या नावाने हाक मारू लागतो. यात अपमान नाही, ती अनभिज्ञता आहे. पारपत्रावर जे नाव आहे तेच बँक, व्हिसा, कर आणि नोकरीचा करार या सर्व ठिकाणी अक्षरशः तसेच ठेवावे. अर्जाच्या शिरोभागी मात्र केवळ स्वतःचे नाव आणि आडनाव लिहावे. जुन्या आणि नव्या नावाची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र इंग्रजीत नोटरीकडून करून विवाह नोंदणी प्रमाणपत्रासोबत ठेवावे. भारतात असताना हे एका दुपारचे काम आहे, लंडनहून करायला गेल्यास महिने जातात.

आठ वर्षांच्या अनुभवाला शंभर अर्ज हे प्रमाण मला थोडे संशयास्पदही वाटते. एकच मजकूर सगळीकडे पाठवला असावा. अर्ज कमी करून प्रत्येक जाहिरातीप्रमाणे वेगळा लिहावा, आणि भारतातल्या ज्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या तपासणीत आपण काम केले त्यांचे व्यवहार आंतरराष्ट्रीय लेखामानकांप्रमाणे होत असल्यास तो उल्लेख पहिल्या पाच ओळींत आणावा.

प्रश्न : मी जी.एन.एम. (परिचर्येची पदविका घेतलेली) असून कोल्हापुरात एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सात वर्षे काम करते. जर्मनीला पाठवण्यासाठी एक एजंट साडेचार लाख रुपये मागतो आणि भाषा तिथे गेल्यावर शिकता येईल असे सांगतो. वडील जमिनीवर कर्ज काढायला तयार आहेत. जावे का?
– एक परिचारिका, कोल्हापूर

उत्तर : जर्मनीला जरूर जावे, या एजंटामार्फत जाऊ नये. भाषा तिथे गेल्यावर शिकता येईल असे जो सांगतो, त्याला एकतर प्रक्रिया ठाऊक नाही किंवा आपल्याला ती कळू नये अशी त्याची इच्छा आहे. परिचारिका म्हणून मान्यता मिळवण्यासाठी तिथल्या बहुतेक राज्यांत जर्मन भाषेची बी-२ पातळी (ए-१ ते सी-२ या युरोपीय पायऱ्यांतली चौथी) लागते, आणि मान्यतेची उरलेली प्रक्रिया तिथे राहून पुरी करायची म्हटले तरी निघण्यापूर्वी साधारण बी-१ पर्यंत मजल मारावी लागते. नोकरी सांभाळून शून्यापासून बी-२ पर्यंत जायला दीड-दोन वर्षे धरून चालावे.

पैशांबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जी.एस.टी. यापेक्षा अधिक घेता येत नाही, आणि घेतलेल्या रकमेची पावती द्यावी लागते. त्याची नोंदणी ई-मायग्रेट या शासकीय संकेतस्थळावर तपासता येते. दुसरे असे की, परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी जर्मनीत शासनमान्य गुणवत्ता मुद्रा दिली जाते आणि ती बाळगणाऱ्या संस्थेला भरतीचा खर्च मालकाकडून घ्यावा लागतो, उमेदवाराकडून नव्हे. तेव्हा साडेचार लाखांची मागणी ही दोन्हीकडच्या चौकटींबाहेरची आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला आहे. त्या मार्गाचीही चौकशी करावी, परंतु त्याच्या भरवशावर आधीच राजीनामा देऊ नये. करार वाचताना, ठरावीक वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास किती रक्कम परत द्यावी लागेल ते कलम प्रथम शोधावे. वडिलांची जमीन यात आणण्याचे मला काहीही कारण दिसत नाही.

तिथे पोहोचल्यावर आपल्या अभ्यासक्रमाची तिथल्या अभ्यासक्रमाशी तुलना होते, उणिवा लेखी कळवल्या जातात आणि त्या भरून काढण्यासाठी अनुकूलन प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा यांपैकी एक पर्याय घ्यावा लागतो. तोवर साहाय्यकाच्या पदावर आणि साहाय्यकाच्या वेतनावर काम करावे लागते. हा नियम झाला. आपल्याकडून गेलेल्या परिचारिकांना खरा धक्का बसतो तो रीतीचा. कोल्हापुरात रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे ही कामे मावशी, वॉर्डबॉय किंवा नातेवाईक करतात आणि आपण व्हेंटिलेटर, इंजेक्शने, सलाइन पाहता. जर्मनीत रुग्णाची अशी शुश्रूषा हे परिचारिकेचेच काम आहे, तर शिरेत सुई लावण्याचे काम पुष्कळ ठिकाणी डॉक्टर करतात. 'आयसीयूत काम केलेल्या मला पाट्या उचलायला लावतात, मी भारतीय म्हणून' अशा तक्रारी मी वाचल्या आहेत. शेजारची जर्मन परिचारिकाही तेच करत असेल तर तो भेदभाव नाही. ती करत नसेल आणि ते काम रोज आपल्याच वाट्याला येत असेल, तर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळाकडे जावे.

प्रश्न : मी नागपूरच्या आंबेडकरी कुटुंबातला असून सिएटल परिसरात सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. आमच्या गटात सहा भारतीय आहेत, त्यांतले चार मराठी. आडनावावरून 'तुमच्याकडे देव कोणते', 'प्रवेश कोणत्या यादीतून झाला' असे प्रश्न जेवताना हसत हसत विचारले गेले. त्यानंतर ज्या बैठकांना मी जात असे त्यांची निमंत्रणे बंद झाली, आणि गटप्रमुखाने, जो मराठीच आहे, माझे काम दुसऱ्याकडे दिले. त्याच्या वरचा अधिकारी अमेरिकी आहे; त्याला जात कशी समजावून सांगावी? तक्रार केली तर महाराष्ट्र मंडळात सगळे तुटतील. मी एच-१बी व्हिसावर, म्हणजे मालकाच्या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहे.
– एक वाचक, वॉशिंग्टन राज्य

उत्तर : आपण वर्णन केलेले घडले असेल तर ते रीतीत बसत नाही. आडनाव कळले, चौकशी झाली आणि त्यानंतर काम काढून घेतले गेले, हा क्रमच बोलका आहे. आपली जबाबदारी हा क्रम तारखांसह दाखवता येईल अशा स्थितीत ठेवण्याची आहे.

कायद्याची स्थिती आधी नीट समजून घ्यावी, कारण तिच्याविषयी आपल्या लोकांत अर्धवट माहिती फार फिरते. सिएटल नगर परिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी करणारा ठराव कायदा म्हणून संमत केला. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. तो मांडणाऱ्या सदस्या क्षमा सावंत या पुण्यात जन्मलेल्या आहेत. पण हा कायदा सिएटल शहराच्या हद्दीपुरता आहे. बेलव्ह्यू आणि रेडमंड ही स्वतंत्र शहरे आहेत, आणि आपल्या क्षेत्रातल्या कित्येक कचेऱ्या तिथे आहेत; तेव्हा आपले कामाचे ठिकाण कोणत्या हद्दीत येते ते पहिल्यांदा पाहावे. कॅलिफोर्नियात अशाच आशयाचे विधेयक विधिमंडळाने संमत केले होते. गव्हर्नरांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते परत पाठवले, आणि कारण असे दिले की अस्तित्वात असलेल्या कायद्यांतच असा भेदभाव निषिद्ध आहे. संघराज्याच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात जात हा शब्द नाही. वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ हे आहेत, आणि जातीची तक्रार त्यांपैकी एकाच्या आधारे मांडावी लागते. ती समान रोजगार संधीच्या संघीय आयोगाकडे नेण्याची मुदत आपल्या राज्यात ३०० दिवसांची आहे, राज्याच्या यंत्रणेची मुदत त्याहून कमी आहे. ब्रिटनमधल्या वाचकांसाठी सांगते की, तिथल्या अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये टिर्की प्रकरणात जात ही वांशिक मुळाच्या व्याख्येत येऊ शकते असे मान्य केले आहे.

अमेरिकी अधिकाऱ्याला चार वर्ण आणि मनुस्मृती समजावत बसू नये. त्या व्याख्यानात आपली तक्रार हरवते आणि त्याला ती 'त्यांच्या आपसांतली जुनी भांडणे' वाटू लागते. दोन वाक्ये पुरेशी आहेत : आमच्या प्रदेशात आडनावावरून जन्माधारित दर्जा ओळखला जातो, माझा दर्जा ओळखला गेल्यानंतर अमुक तारखेपासून अमुक बैठका आणि अमुक काम माझ्याकडून काढून घेण्यात आले. पुढचे सगळे कामाविषयी असावे. प्रत्येक प्रसंगाची तारीख, स्थळ, उपस्थित व्यक्ती आणि उच्चारलेले शब्द मराठीत जसेच्या तसे व खाली त्यांचे इंग्रजी भाषांतर, अशी नोंद स्वतःच्या वहीत करावी. कंपनीचे ईमेल किंवा कागद मात्र खासगी पत्त्यावर पाठवू नयेत. केवळ तेवढ्या कारणावरून माणसाला काढून टाकता येते आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

तक्रार लेखी करावी, कारण तक्रार केल्याबद्दल सूड घेणे हाही कायद्याचा स्वतंत्र भंग धरला जातो आणि ते दाखवण्यासाठी तक्रारीची तारीख लागते. नोकरी सुटल्यास एच-१बीवर साधारण ६० दिवसांत दुसरा मालक किंवा दुसरा दर्जा शोधावा लागतो, म्हणून तक्रारीपूर्वी रोजगार आणि व्हिसा या दोन्हींची जाण असलेल्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि दुसऱ्या नोकरीचा शोध शांतपणे सुरू ठेवावा. दुसरी नोकरी शोधणे म्हणजे हार मानणे नव्हे. आंबेडकर असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका यांसारख्या संघटनांमध्ये या वाटेने गेलेली माणसे भेटू शकतात. त्यांच्याशी आधी बोलावे.

राहिला प्रश्न मंडळाचा. आपल्याला तोंड लपवावे लागेल असे काहीही आपण केलेले नाही. स्वतःला वंशभेदाचा अनुभव आला की तावातावाने बोलणारे आणि गणपतीच्या आरतीनंतर नव्या माणसाला 'तुमचे मूळचे आडनाव काय' असे विचारणारे लोक पुष्कळदा एकच असतात, हे मात्र इतर वाचकांसाठी इथे नोंदवून ठेवते.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात छायाचित्र, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती द्यावी का? आणि मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचे चार वर्षे आयोजन केले, त्याचा उल्लेख करावा की वगळावा?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन या देशांत पहिल्या तिन्ही गोष्टी देऊ नयेत, असा अर्ज आला की मनुष्यबळ विभागाला अवघडल्यासारखे होते. जर्मनीत २००६ च्या समान वागणूक कायद्यानंतर छायाचित्र मागता येत नाही, पण लावण्याची रीत अजून टिकून आहे. वडिलांचे नाव आणि 'वरील माहिती खरी आहे' ही ओळ सर्वत्र वगळावी.

गणेशोत्सवाचा निर्णय थोडा नाजूक आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, आशियाई उमेदवारांच्या काल्पनिक अर्जांपैकी नाव आणि सामाजिक कार्य यांतल्या वांशिक खुणा पुसलेल्या अर्जांना सुमारे २१ टक्के बोलावणी आली, तर खुणा ठेवलेल्या अर्जांना ११.५ टक्के. हा आकडा ठाऊक असूनही मी तो उल्लेख ठेवावा असेच म्हणते, पण अट अशी की तो छंदांच्या रकान्यात नको. किती स्वयंसेवक सांभाळले, किती डॉलरचा खर्च बसवला, सभागृहाचा परवाना, विमा आणि अग्निशमन खात्याची मंजुरी कशी मिळवली, हे दोन ओळींत अनुभवाखाली लिहावे. आपण ज्या पदासाठी अर्ज करत आहात त्यात माणसे आणि पैसा सांभाळण्याचा भाग नसेल, तर एक ओळ पुरे.